चर्चच्या तरुण संघाला शिकवायचं आहे, पण घरच्या कामांतून तयारीला वेळच मिळत नाही. काय करावं?

तुम्ही लिहिलंय की आईची औषधं, मुलांची शाळा, दळण, बिलं यातून तयारी होत नाही. आठवड्याला किती तास काढावेत, कुठलं पुस्तक घ्यावं? पुस्तकाचं आधी सांगते: पवित्र शास्त्र हातात असताना दुसरं शोधू नका. आणि तासांचा हिशोब मला मुळातच पटत नाही.

मी नाशिकला, शरणपूर रोडच्या बाजूला, चौदा वर्षं रविवारच्या उपासनेनंतर तरुण संघाला शिकवलं. आधी मीही शनिवारी रात्री भांडी आवरून अकराला वही उघडायचे आणि पाचव्या ओळीला डोळे मिटायचे.

2018 च्या नोव्हेंबरात सासऱ्यांचा हयातीचा दाखला राहिला होता. वय 84, नवरा ड्युटीवर. रिक्षात त्यांना धरून बसायला कुणी हवं म्हणून संघातल्या एका मुलाला बोलावलं. अकरावीतला, वर्षभर मागच्या बाकावर एक शब्द न बोलता बसलेला. दळणाचा डबा गिरणीत ठेवला आणि बँकेत गेलो. यंत्र ठसा घेईना. दोन्ही अंगठे झाले, तर्जनी झाली. मागे रांग वाढली, काउंटरवरून "सोमवारी या" असं सांगितलं. सासरे खाली मान घालून आपले हात बघत बसले. आयुष्यभर सुतारकाम केलेले हात, रेषा सगळ्या झिजलेल्या.

"काकू, पाण्याची बाटली द्या," तो मुलगा म्हणाला. रुमाल ओला केला, सासऱ्यांसमोर उकिडवा बसला, एकेक बोट पुसलं, शर्टाच्या टोकाने टिपलं आणि यंत्रावर हलकेच दाबून धरलं. डाव्या हाताच्या मधल्या बोटाला दिवा हिरवा झाला. "रेशनच्या दुकानात आजीचा ठसा असाच उठवतो. हात कोरडे पडले की घेत नाही ते." (आता चेहऱ्यावरूनही दाखला निघतो, तेव्हा ती सोय नव्हती.)

दुसऱ्या दिवशी, रविवारी, शुभवर्तमानातला लूक 10, चांगल्या शोमरोन्याचा दृष्टांत: लुटारूंनी मारून वाटेत टाकलेल्या माणसाला एक परका शोमरोनी उचलतो, ती येशूने सांगितलेली गोष्ट. ती वाट यरुशलेम ते यरीहो, म्हणजे तीसेक किलोमीटरच्या आत हजारभर मीटरचा उतार. मुलांना म्हटलं, कसारा घाट डोळ्यांसमोर आणा, पण ओसाड आणि पायी. मग विचारलं, शोमरोन्याने नक्की काय काय केलं? मुलं म्हणाली, दया केली, प्रीती केली. मागच्या बाकावरून आवाज आला, "तेल लावलं, पट्टी बांधली, जनावरावर बसवलं, उतारशाळेत नेलं, रात्रभर थांबला, पैसे दिले. आणि जास्त खर्च झाला तर परत आल्यावर देईन म्हणाला. म्हणजे त्याने दुसरी फेरी पण धरली होती."

दुसरी फेरी! इतकी वर्षं तो उतारा वाचून माझ्या लक्षात आलं नव्हतं. शोमरोन्याने दिलेले दोन दीनार म्हणजे मजुराची दोन दिवसांची मजुरी, हे मी वर्गात सांगत आले होते. पण ही फेरी त्या मुलालाच दिसली, कारण फेऱ्या त्याच्याच वाट्याला येतात.

मुलाला असं घरच्या कामाला नेल्यावरून चर्चच्या कमिटीतल्या एका ज्येष्ठ गृहस्थांनी मला चार लोकांत सुनावलं होतं, "तरुण संघाची मुलं म्हणजे तुमच्या घरचे गडी नव्हेत. सेवा वेगळी, घरकाम वेगळं." तेव्हा मी गप्प बसले, ते मला आजही लागतं. आज उत्तर देते. ज्या शरणपुरात आपण उभे आहोत, तिथे मिशनऱ्यांनी गुलामगिरीतून सोडवलेल्या आफ्रिकी मुलांना शास्त्राबरोबर सुतारकाम, लोहारकाम शिकवलं. नाशिकच्या त्या शाळेत शिकलेला जेकब वेनराइट, आफ्रिकेत फिरलेला मिशनरी प्रवासी डेव्हिड लिव्हिंग्स्टन याच्या शेवटच्या प्रवासात होता. लिव्हिंग्स्टन आफ्रिकेतच वारला, त्याचं हृदय जिथे पुरलं, तिथे अंत्यविधीची प्रार्थना वेनराइटने वाचली आणि झाडावर अक्षरंही त्यानेच कोरली. ते शव समुद्रकिनाऱ्यापर्यंत वाहून नेण्यात तो होता, 1874 मध्ये शवाबरोबर इंग्लंडलाही गेला. प्रार्थना कुठे संपली आणि काम कुठे सुरू झालं, हे त्या गृहस्थांनी मला दाखवावं.

त्यांच्या बोलण्यातला एक भाग मात्र खरा होता, तो नंतर कळला. फक्त आपल्या कामाला मुलांना नेलं तर ती राबवणूकच होते. म्हणून मीही त्यांच्या कामांना जायला लागले. दोन मुलींबरोबर उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सेतू केंद्रात तीन चकरा मारल्या. आईवडिलांना विचारल्याशिवाय कुणाला नेऊ नका, लायसन्स नसलेल्याच्या गाडीवर बसू नका, आणि दहावी-बारावीवाल्यांना जानेवारीपासून अजिबात हात लावू नका.

तयारी म्हणाल तर गुरुवारी उतारा एकदा मोठ्याने वाचा आणि मग रविवारपर्यंत तो रांगेत, गिरणीत, दवाखान्याच्या बाकावर डोक्यात घोळू द्या. आईच्या गोळ्या आणायला या शनिवारी वर्गात सगळ्यात गप्प असणाऱ्याला बरोबर न्या. रविवारी पहिला प्रश्न त्यालाच विचारा.