विनोदी मालिकेत सहाय्यक कलाकार खरंच एवढा फरक पाडतो का?

पाडतो. आणि ‘छोट्या रोलवाला भाव खाऊन गेला की मुख्य नटाचं नुकसान होतं’ असं जे तुम्ही प्रश्नात लिहिलंय, ते मला अजिबात पटत नाही.

दूरदर्शनवरचे चिमणराव आठवा की. प्रभावळकरांचा भित्रा चिमणराव खुलायचा तो शेजारी बाळ कर्व्यांचा दांडगा गुंड्याभाऊ असायचा म्हणून. १९८४ च्या ‘ये जो है जिंदगी’त नवरा, बायको, मेहुणा तेच, घरही तेच, सतीश शाह मात्र दर भागात वेगळाच माणूस होऊन हजर. त्या घराला नवी भानगड तेच पुरवायचे.

सोलापुरात हुतात्मा स्मृती मंदिरात आमच्या हौशी ग्रुपचा प्रयोग होता. मी गडी, वाक्यं जेमतेम. नायक फोनवर सासऱ्याला थापा मारतोय आणि मी मागे चहाचा ट्रे घेऊन उभा. थाप वाढेल तशा कपबश्या वाजवायच्या, एवढंच मी ठरवलं होतं. ‘आत्ता कलेक्टरसाहेबांबरोबर बसलोय’ म्हटल्यावर एक बशी खणकन वाजली आणि मागच्या रांगेपर्यंत हशा. नायकानं वळून माझ्याकडे नुसतं रोखून पाहिलं, तर त्यालाही लाफ्टर. प्रयोग संपल्यावर दिग्दर्शक म्हणाले, “नायकाचा लाफ्टर खाल्लास. पुढच्या वेळी ट्रे नको.” पुढच्या वेळी रिकाम्या हातांनी उभा राहिलो. तोच फोन, तीच थाप, सभागृह गप्प. थाप उघडी पडायची धास्ती स्टेजवर कुणालाच नव्हती, मग प्रेक्षकांना कुठून वाटणार? नायक बिचारा आवाज चढवत राहिला.

हा वाद आमच्यात अजून निघतो. सहाय्यक नटानं समोरच्याचं खरोखर ऐकलं पाहिजे, असं माझं ठाम मत आहे. मालिकेत तर कॅमेरा त्याच्या चेहऱ्यावर जातो, तिथं हे आणखी दिसतं. आपलं वाक्य कधी येतंय याची वाट बघत उभा राहणारा सीन पाडतो.

आता हेही खरं, की असा माणूस गाजला की लेखक त्याचं तेच ते वाक्य दर सीनला घुसवतात आणि लोक कंटाळतात. गोष्टच पोकळ असेल तर कुणीच वाचवू शकत नाही. तुम्ही स्वतः अशी भूमिका करणार असाल, तर जे काही सुचेल ते तालमीतच करून दाखवा आणि कधी वळून बघायचं हे नायकाशी ठरवून घ्या. आमच्या नायकाला तो ट्रे आवडला होता. त्याची तक्रार कधीच नव्हती.