रात्रीचं पाणी सकाळच्या बाटलीत सापडत नाही

प्रश्न : आमच्या खाडीचं पाणी काही रात्री रंग बदलतं. आम्ही बाटली भरून तपासायला दिली, तर तांबं, जस्त, शिसं सगळं मर्यादेत निघालं. आठवडाभर पाण्यात टांगून धातू पकडणारी चकती असते म्हणे. तिचा उपयोग होईल का? इथली कालवं आम्ही खातो.
– एक वाचक, रत्नागिरी जिल्हा

उत्तर : होईल. अहवाल चुकीचाच असेल असं नाही, पण बाटलीत त्या घटकेचंच पाणी येतं. रात्री दोनला आलेलं पाणी सकाळी दहाच्या बाटलीत कुठून मिळणार?

त्या चकतीला डीजीटी म्हणतात. लँकेस्टर विद्यापीठातल्या डेव्हिसन आणि हाओ झांग यांनी ती 1994 साली जगापुढे मांडली. प्लास्टिकच्या डबीला 2 सेंटिमीटरची गोल खिडकी. तिच्यात आधी गाळणी, मग मिलिमीटरभरही जाड नसलेला जेलचा पापुद्रा आणि तळाशी रेझिन, म्हणजे धातू धरून ठेवणारा पदार्थ. विरघळलेला धातू जेलमधून हळूहळू आत जातो आणि रेझिनला चिकटून बसतो. तो नायट्रिक आम्लाने सोडवून मोजतात आणि त्यावरून त्या दिवसांची सरासरी काढतात. त्यासाठी पाण्याचं तापमान लिहून ठेवावंच लागतं. एका अंशाने उत्तर दोन-तीन टक्के हलतं.

मी पहिल्यांदा खाडीत चकत्या लावल्या, तेव्हा उधाणाची सुकती, म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी ओहोटी, लक्षातच घेतली नाही. दुपारी जाऊन बघते तर तिन्ही चकत्या दोरीला उघड्या लोंबतायत, जेल सुकून आक्रसलेलं. आठवडा फुकट गेला, फार वाईट वाटलं. म्हणून पाणी सगळ्यात खाली कुठवर जातं ते आधी गावातल्या मच्छीमारांना विचारा. दोरी नायलॉनची घ्या, तार नको. एक चकती पाण्यात न घालता नुसती सोबत नेऊन आणा. हाताळताना किती धातू लागला ते तिच्यावरून कळतं. पाऱ्याची शंका असेल तर रेझिन वेगळं लागतं, मागवतानाच सांगा.

आठवड्याच्या सरासरीत एक वाईट रात्र बुडून जाते, तेव्हा चकत्या दर दोन दिवसांनी बदला. गाळाला चिकटलेला धातू मात्र चकतीत येत नाही, त्यामुळे तिचा आकडा अहवालातल्या मर्यादेशी थेट ताडून बघू नका. कालवं तर पाण्याबरोबर गाळही आत ओढतात. खायच्या कालवांचं मांस वेगळं तपासून घ्याच.