मे महिन्यातलं लग्न आणि बुबुळाची जाडी

तुझा प्रश्न दोनदा वाचला. वय 22, गाव खानापूर तालुक्यात, नोकरी पतसंस्थेत, म्हणजे दिवसभर कॉम्प्युटर. उजव्या डोळ्याचा नंबर मायनस 7, डाव्याचा मायनस 6.25. आठ महिन्यांपूर्वीच्या कागदावर उजवा 6.5 होता. बुबुळाची, म्हणजे डोळ्यावरच्या पारदर्शक काचेची (कॉर्नियाची), जाडी 498 मायक्रॉन; मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. दोन स्थळं जाड चष्म्यावरून फिरली, म्हणून मे महिन्यातल्या मुहूर्ताआधी लॅसिक, म्हणजे नंबर घालवायचं लेसर ऑपरेशन, करून घे असं घरचे म्हणतात. जिथं तपासलंस तिथं महिनाअखेरपर्यंत सूट आहे असं सांगून आगाऊ पैसे मागितलेत. आणि तू विचारतेस, ताई, करू का नको?

आत्ता करू नको. पुढच्या वर्षी कदाचित कर, आणि तेव्हाही लॅसिकच करावं असं नाही. मी डॉक्टर नाही, बेळगावात शाळेत शिकवते. पण 2009 साली, वयाच्या अठ्ठाविसाव्या वर्षी, माझं स्वतःचं लॅसिक झालंय आणि भावाच्या डोळ्यांसाठी दोन वर्षं कोल्हापूर, मिरज, हुबळी अशा फेऱ्या मारल्यात. त्यामुळं कुठले प्रश्न विचारायचे ते मला कळतं.

आधी तुझ्याच आकड्यांचा हिशोब मांडू, कारण उत्तर त्यातच आहे. लॅसिकमध्ये बुबुळाचा वरचा पातळ पापुद्रा कापून बाजूला करतात, खालच्या थरावर लेसर मारतात आणि पापुद्रा परत जागेवर बसवतात. पापुद्रा साधारण 100 ते 120 मायक्रॉन जाडीचा असतो. लेसर दर एका नंबरामागे सुमारे 12 ते 15 मायक्रॉन थर उडवतो. तुझा नंबर 7, म्हणजे 14 च्या हिशोबानं 98 मायक्रॉन. पापुद्रा 110 धर. दोन्ही मिळून 208. तुझ्या 498 मधून 208 गेले की खाली 290 उरतात. 250 च्या खाली जाऊ नये हा जुना दंडक, पण बरेच सर्जन आता 300 राखून ठेवतात. दुसरी एक मोजणी अशी की पापुद्रा आणि उडवलेला थर मिळून एकूण जाडीच्या 40 टक्क्यांवर गेला तर धोका वाढतो. तुझे जवळपास 42 टक्के होतात. म्हणजे दोन्ही मोजमापांत तू अगदी काठावर आहेस. लेसर मारताना बुबुळाचा किती रुंद भाग घेतात त्यावर हा आकडा थोडा इकडेतिकडे होईल, पण काठावरच राहील.

बुबुळ फार पातळ झालं तर ते आतल्या दाबानं हळूहळू पुढं फुगायला लागतं. मग नजर वेडीवाकडी होते आणि चष्म्यानंही नीट सुधारत नाही. असं फार थोड्यांना होतं, पण ज्याला होतं त्याला उडवलेला थर परत मिळत नाही.

दुसरी अडचण म्हणजे तुझा नंबर अजून हलतोय. आठ महिन्यांत अर्धा वाढला. निदान वर्षभर नंबर थांबलेला असावा, फरक अर्ध्याच्या आत असावा, अशी अट नीट काम करणारे डॉक्टर घालतात. वयाची अट 18 ची असली तरी 21-22 ला नंबर वाढत असणारी तू एकटी नाहीस, कॉम्प्युटरवर दिवस काढणाऱ्यांत तर मुळीच नाही. आज केलंस आणि दोन वर्षांत पाऊण नंबर परत आला तर दुसऱ्यांदा लेसर मारायला तुझ्या बुबुळात जागाच उरलेली नसेल. त्यात लग्नानंतर लवकर दिवस गेले तर गरोदरपण आणि बाळाला अंगावर पाजण्याच्या काळात नंबर हलू शकतो. त्या काळात हे ऑपरेशन करतच नाहीत.

भावाचं सांगते, कारण मी एवढं तावातावानं लिहितेय ते त्याच्यामुळं. तो निपाणीजवळ तंबाखूच्या वखारीत हिशोबाला होता. धुळीनं डोळे सतत खाजायचे आणि तो मुठीनं चोळायचा. त्याला सैन्यभरतीला जायचं होतं. आपल्याकडं मराठा लाइट इन्फंट्रीचं केंद्र बेळगावातच, सांबऱ्याला हवाई दलाचा तळ, त्यामुळं घराघरांत एक तरी मुलगा धावायला जातोच. चष्मा घालवायला म्हणून आम्ही एका ठिकाणी गेलो. तिथं जाडी मोजली, 'ठीक आहे' म्हणाले, तारीखही दिली. मामा म्हणाले, आणखी एकदा दुसरीकडं दाखवा. दुसऱ्या ठिकाणी पेंटाकॅम नावाच्या यंत्रावर बुबुळाच्या पुढच्या आणि मागच्या दोन्ही बाजूंचा नकाशा काढला. डाव्या डोळ्यात खालच्या भागात बुबुळ टोकदार व्हायला सुरुवात झाली होती. केराटोकोनस. अशा डोळ्यावर लॅसिक केलं असतं तर आधीच कमकुवत असलेलं बुबुळ आम्ही पैसे देऊन आणखी पातळ केलं असतं. जाडीचा आकडा त्याचा तुझ्यापेक्षा चांगला होता बघ.

भाऊ महिनाभर कुणाशी बोलला नाही. पुढं त्याचं क्रॉसलिंकिंग केलं, म्हणजे रायबोफ्लेविनचे थेंब घालून अतिनील प्रकाशानं बुबुळ घट्ट करतात. त्यानं आजार थांबला, चष्मा राहिला. आज तो चष्मा लावून गाडी चालवतो, दुकान चालवतो. म्हणून नुसत्या जाडीवर विश्वास ठेवू नको. पेंटाकॅमचा रंगीत नकाशा हातात घे, आणि लहानपणापासून डोळे चोळायची सवय असेल, घरात कुणाला केराटोकोनस असेल, तर डॉक्टरांनी विचारलं नाही तरी ते त्यांना सांग.

आता माझं. माझा नंबर मायनस 5.5 होता, जाडी 528. हिशोब सुटत होता, नंबर तीन वर्षं थांबलेला होता. ऑपरेशन म्हणशील तर दोन्ही डोळ्यांचं मिळून अर्ध्या तासाच्या आत उरकलं. बधिर करायचे थेंब घालतात, डोळ्यावर कडं दाबून बसवतात तेव्हा क्षणभर अंधार होतो, लेसर काही सेकंदांचा, केस जळल्यासारखा वास येतो. दुसऱ्या दिवशी सकाळी खिडकीतून समोरच्या घराच्या कौलांमधलं गवत दिसलं आणि मी रडले. सहावीपासून चष्मा होता मला. तो आनंद खरा होता, आजही आहे, आणि म्हणूनच तुला 'कधीच करू नको' असं मी म्हणत नाही.

पण पुढचे आठ महिने डोळे कोरडे पडले. पापुद्रा कापताना बुबुळातल्या नसाही कापल्या जातात, त्यामुळं अश्रूंचं चक्र बिघडतं. बहुतेकांचं सहा महिने ते वर्षभरात सुधारतं, थोड्या लोकांचं रेंगाळतं. खडूची धूळ, पंख्याचा वारा, थंडीतली कोरडी हवा, दर दोन तासांनी थेंब. जिथं केलं तिथं तक्रार घेऊन गेले तर 'होतं तसं' एवढंच ऐकलं. तू आठ तास स्क्रीनसमोर असतेस आणि स्क्रीनकडं बघताना पापण्या मिटणं कमी होतं, तेव्हा आत्ताच डोळे कोरडे आहेत का याची चाचणी ऑपरेशनच्या आधी करून घे. रात्री दिव्यांभोवती वलयं दिसायची, ती पाचसहा महिन्यांत कमी झाली. तोवर रात्री चोर्ला घाटातून गाडी चालवायचं मी टाळलं. ज्यांची बाहुली अंधारात फार मोठी होते आणि नंबरही जास्त असतो त्यांना हा त्रास अधिक होऊ शकतो.

आणि आता मला चाळिशी लागलीय. याबद्दल कुणी सांगत नाही. लेसरनं लांबचं सुधारतं. चाळीशीनंतर जवळचं वाचायला जो चष्मा लागतो तो लागतोच. माझ्या आईचा नंबर मायनस 3. सत्तरीतही ती चष्मा काढून 'तरुण भारत' वाचते, मला मात्र औषधाच्या डबीवरची तारीख वाचायला चष्मा शोधावा लागतो. तुला हे आज फार लांबचं वाटेल, वाटू दे.

मायनस नंबर म्हणजे डोळ्याचा गोळा लांबट असणं. लेसर बुबुळाचा आकार बदलतो, गोळा तेवढाच लांब राहतो. मायनस 7 च्या डोळ्याचा पडदा ताणलेला असतो, तो सुटण्याचा धोका चष्मा गेल्यावरही तसाच असतो. बाहुली मोठी करून पडदा तपासल्याशिवाय पुढं जाऊ नको, आणि नंतरही वर्षातून एकदा तपासून घे. डोळ्यांपुढं अचानक काळे ठिपके वाढले, वीज चमकल्यासारखं झालं, तर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

पद्धतीचं म्हणशील तर नंबर थांबल्यावर तुझ्यासमोर तीन वाटा राहतील. पीआरके म्हणजे पापुद्रा न कापता वरचं साल काढून लेसर. त्यात जास्त थर शिल्लक राहतो, पण तीनचार दिवस चांगलंच दुखतं आणि मोठ्या नंबरात बुबुळ धूसर होण्याची शक्यता असते. स्माइलमध्ये छोट्या चिरेतून आतली चकती काढतात. कोरडेपणा कमी, पण चकती तुझ्याच बुबुळातून जाते, म्हणून जाडीचा हिशोब तिथंही करावाच लागतो. तिसरी आयसीएल. बुबुळ न खरवडता बुबुळामागं, आपल्या नैसर्गिक भिंगाच्या पुढं, जास्तीचं भिंग बसवतात. तुझ्यासारख्या पातळ बुबुळाला आणि मोठ्या नंबराला डॉक्टर बहुधा हीच सुचवतील. पण ही डोळ्याच्या आतली शस्त्रक्रिया आहे, त्यासाठी आत पुरेशी जागा लागते, आणि खर्चही जास्त. विम्याच्या भरवशावर राहू नको, साडेसात नंबराच्या आतलं ऑपरेशन बहुतेक आरोग्य विमे देत नाहीत.

सहीच्या कागदाबद्दल. आपल्या भागात तो इंग्रजीत नाहीतर कन्नडमध्ये असतो, आणि आपल्याकडची किती माणसं न वाचता सही करतात ते मी बघितलंय. तुझ्या वडिलांना कन्नड येत नाही म्हणतेस ना? तिथल्या एका तरी माणसाला मराठी येतंच. प्रत्येक मुद्दा मराठीत सांगा म्हणून बस. घाई करणाऱ्याकडं सही करू नको. सवलतीची तारीख संपू दे, पुढच्या महिन्यात नवी येते.

राहिलं स्थळांचं. चष्म्यावरून जी दोन घरं परत गेली त्यांच्यासाठी तू डोळा पणाला लावावा असं मला अजिबात वाटत नाही. लग्नाच्या फोटोंना लेन्स लाव, हात धुऊन, नळाचं पाणी न लावता, त्या घालून झोपायचं नाही. पण बघायला येणाऱ्यांना नंबर आधीच सांग. लेसर करून लपवलास तरी तू मायनस 7 ची आहेस, आणि ते तुझ्या डोळ्यांच्या डॉक्टरला, पुढं काचबिंदू तपासणाऱ्याला, म्हातारपणी मोतीबिंदूचं भिंग मोजणाऱ्याला आयुष्यभर सांगावंच लागणार आहे. लेसरनंतर डोळ्याचा दाब खराखुरा असतो त्यापेक्षा कमी मोजला जातो आणि भिंगाचं गणित चुकू शकतं, म्हणून ऑपरेशनआधीचे सगळे कागद जपून ठेवावे लागतात.

आता एवढं कर. आजच्या नंबराचा कागद तारखेसकट फाइलला लाव. आई-वडिलांना हे उत्तर वाचून दाखव, वाटलं तर त्यांना माझ्याशी बोलू दे. वर्षानं परत नंबर काढ. मऊ लेन्स वापरत असशील तर तपासणीआधी दोन आठवडे बंद ठेव, नाहीतर बुबुळाचा नकाशा चुकीचा येतो. आणि शक्यतो जिथं ऑपरेशन करायचं नाही अशा ठिकाणी पेंटाकॅम करून घे. नकाशा हातात आला की त्यातले सर्वांत पातळ जागेचे आकडे इथं लिही, आपण परत हिशोब मांडू.