बटण आयफोनचं, फोन ॲन्ड्रॉइडचा

प्रश्न : नमस्कार, आमचं जुनं झामरिन फॉर्म्सचं ॲप डॉट नेट माउईवर आणलंय (दोन्ही मायक्रोसॉफ्टची, एकाच कोडमधून ॲन्ड्रॉइड आणि आयफोनचं ॲप बनवायची साधनं, माउई हे झामरिनच्या जागी आलेलं). लॉगिनच्या पानावर डिझायनरने टेक्स्ट बॉक्सला गोल कडांची चौकट दिलीय, पण ॲन्ड्रॉइडवर त्या चौकटीत खाली एक रेघ उमटतेच आणि आयफोनवर चौकटीत अजून एक चौकट दिसते. आधी कस्टम रेंडरर, म्हणजे त्या त्या फोनवर बॉक्स कसा दिसेल ते ठरवणारा स्वतःचा कोड, लिहून हे घालवायचो. आता नेटवरून एक कोड उचलून टाकला तर अख्ख्या ॲपमधल्या रेघा गायब झाल्या, सेटिंगच्या पानावरच्याही, तिथे त्या हव्या होत्या.

उत्तर : ती रेघ माउईची नाहीच मुळी. माउईची एन्ट्री, म्हणजे तुमचा टेक्स्ट बॉक्स, हे नुसतं नाव, खाली ॲन्ड्रॉइडवर ॲन्ड्रॉइडचाच एडिटटेक्स्ट बसलेला असतो आणि आयफोनवर यूआयटेक्स्टफील्ड, आणि ते दोघं आपापल्या घरची रेघ आणि चौकट घेऊनच येतात. रेंडररचं काम आता हँडलर करतात. तुम्ही उचललेल्या कोडमध्ये एन्ट्रीहँडलरच्या मॅपरला, म्हणजे बॉक्सचा कोणता गुण फोनवर कसा लावायचा त्या यादीला, अपेंडटूमॅपिंग करून जादा नियम जोडलेला असणार, आणि हा मॅपर सगळ्या एन्ट्र्यांना मिळून एकच असतो, म्हणून एका ठिकाणी पुसली की सगळीकडे पुसली.

उपाय सोपा आहे. एन्ट्रीवरून स्वतःचा एक रिकामा क्लास काढा, बॉर्डरलेसएन्ट्री म्हणा हवं तर, आणि मॅपिंगच्या आत आधी विचारा की समोरचा व्ह्यू ह्या क्लासचा आहे का. असेल तरच ॲन्ड्रॉइडच्या बाजूला बॅकग्राउंडची टिंट पारदर्शक करा आणि आयओएसच्या बाजूला बॉर्डरस्टाइल नन करा, दोन्ही तुकडे कंडिशनल कंपाइलमध्ये, म्हणजे ज्या फोनचं ॲप बनतंय त्याचाच तुकडा घेतला जाईल. हे सगळं माउईप्रोग्राममध्ये, म्हणजे ॲप सुरू होतानाच चालणाऱ्या फाइलमध्ये, लिहा म्हणजे पहिली एन्ट्री तयार व्हायच्या आधीच लागू होईल. मग झॅमलमध्ये (पानाची मांडणी लिहायची भाषा) लॉगिनच्या पानावर तुमचा क्लास वापरा, बाकी पानांना हात लावायची गरज नाही.

एक गोष्ट मात्र लोक हमखास विसरतात. ॲन्ड्रॉइडवर ती रेघ शोभेची नसते, फोकस आला की तिचा रंग बदलतो आणि आपण कुठे टाइप करतोय ते कळतं. रेघ काढलीत तर फोकस आल्यावर तुमच्या गोल चौकटीचा रंग बदलायची सोय करा, नाहीतर दोन बॉक्सच्या पानावर माणूस गोंधळतो. आणि नुसता मार्जिन, रंग किंवा फॉन्टचा आकार वेगळा हवा असेल तर हँडलरच्या वाटेलाच जाऊ नका, झॅमलमधला ऑनप्लॅटफॉर्म, म्हणजे फोनप्रमाणे वेगळा आकडा किंवा रंग द्यायची सोय, पुरतो. जुने रेंडरर तसेच ओढत न्यायचा विचार असेल तर सोडा, झामरिनचा सपोर्ट १ मे २०२४ लाच संपलाय.

प्रश्न : फ्लटरमध्ये (गूगलचं, एकाच कोडमधून दोन्ही फोनची ॲप बनवायचं साधन) ॲप आहे. क्लायंट म्हणतो आयफोनवर हुबेहूब आयफोनसारखं दिसलं पाहिजे. म्हणून मी जागोजागी प्लॅटफॉर्म डॉट इज आयओएस अशी इफ (हा आयफोन आहे का, ही तपासणी) टाकत सुटलोय, आता कोड वाचवत नाही. शिवाय ब्राउझरसाठी वेब बिल्ड काढली की ॲप उघडताच एरर येते. ताई, काय करू?

उत्तर : आधी वेबचं बघू. तो प्लॅटफॉर्म डार्ट आयओ नावाच्या लायब्ररीतला, आणि ती वेबवर चालतच नाही. त्याऐवजी थीम ऑफ कॉन्टेक्स्टमधला, म्हणजे ॲपच्या रूपाच्या सेटिंगमधला, प्लॅटफॉर्म विचारा. त्याचा दुसरा फायदा जास्त मोठा आहे, थीममध्ये प्लॅटफॉर्म हाताने आयओएस करून टाकला की ॲन्ड्रॉइडच्या एमुलेटरवरच (संगणकातल्या नकली फोनवर) आयफोनचं रूप बघता येतं, टेस्टसुद्धा लिहिता येतात.

आता हुबेहूबचं. फ्लटर सिस्टीमची बटणं वापरत नाही, प्रत्येक पिक्सेल स्वतः रंगवतं. क्युपर्टिनोची विजेट्स म्हणजे फ्लटरने काढलेली आयफोनची नक्कल. २०२५ मध्ये ॲपलने आयओएस २६ आणून सगळीकडे लिक्विड ग्लास, म्हणजे काचेसारखं पारदर्शक रूप, केलं, पण ही नक्कल काही फोन अपडेट झाला म्हणून आपोआप काचेची होत नाही. म्हणजे हुबेहूबच्या मागे लागलात तर दर काही वर्षांनी परत पळायचं, आणि क्लायंटला हे आत्ताच सांगितलेलं बरं.

माझं मत विचाराल तर रंग, कार्ड, मोठी बटणं, आयकॉन हे ब्रँडचं आहे, ते दोन्हीकडे एकच ठेवा, त्याने कुणाचं काही अडत नाही. जिथे बोटांना सवय लागलेली असते तिथे मात्र फोनचं ऐका : मागे जाणं, स्क्रोल, डायलॉग, स्विच, तारीख निवडणं. ह्यातलं बरंचसं फ्लटर फुकटात देतं. आयफोनवर यादी टोकाला गेली की उसळी घेते, ॲपबारचं शीर्षक मधोमध येतं, डाव्या कडेवरून बोट सरकवलं की मागचं पान येतं. आणि आपणच ते मोडतो! छानसं ॲनिमेशन हवं म्हणून पेजरूटबिल्डर (पान बदलतानाचं ॲनिमेशन स्वतः लिहायची सोय) वापरला की मागे सरकवणं गेलंच समजा, मग आयफोनवाले तक्रार करतात आणि डेव्हलपर बग शोधत बसतो. ॲनिमेशन बदलायचंच असेल तर पेजट्रान्झिशन्सथीममध्ये फक्त ॲन्ड्रॉइडपुरतं बदला.

स्विच, स्लायडर, गोल फिरणारा लोडर आणि अलर्टडायलॉग ह्यांना ॲडॅप्टिव्ह कन्स्ट्रक्टर, म्हणजे फोनप्रमाणे रूप बदलणारा प्रकार, आहे, तो वापरला की अर्ध्या इफ तिथेच उडतील. तारखेसाठी स्वतःचं एकच फंक्शन लिहा, आत काय ते ठरवा, बाहेरच्या पानांना कळूच देऊ नका. एवढं केल्यावर ज्या इफ उरतील त्या खरोखर लागणाऱ्या असतील.

प्रश्न : रिॲक्ट नेटिव्हमध्ये (मेटाचं, जावास्क्रिप्टमधून दोन्ही फोनची ॲप बनवायचं साधन) कार्डाची सावली आयफोनवर मस्त दिसते, ॲन्ड्रॉइडवर काहीच नाही.

उत्तर : शॅडो ऑफसेट, शॅडो ओपॅसिटी, शॅडो रेडियस हे आयओएसचे. ॲन्ड्रॉइडला एलेव्हेशन (उंची, तिच्यावरून सावली ठरते) द्या, आणि त्या व्ह्यूला बॅकग्राउंडचा रंगही द्या, तो नसला की सावली पडत नाही. दोन्ही स्टाइल प्लॅटफॉर्म डॉट सिलेक्टमध्ये एकत्र ठेवा. रिॲक्ट नेटिव्हच्या नव्या रचनेवर, म्हणजे न्यू आर्किटेक्चरवर, असाल तर बॉक्सशॅडो दोन्हीकडे चालतो, मग हा खटाटोपच नको. उलटं झालं, म्हणजे आयफोनवरच सावली गेली, तर त्याच व्ह्यूला ओव्हरफ्लो हिडन (चौकटीबाहेर गेलेला भाग कापणारी स्टाइल) दिलंय का बघा, तसं असेल तर बाहेर एक व्ह्यू वाढवून सावली त्याला द्या.

प्रश्न : हेही रिॲक्ट नेटिव्हचंच. टार्गेट एसडीके (ॲप ॲन्ड्रॉइडच्या कोणत्या आवृत्तीसाठी बनवलंय तो आकडा) ३५ केल्यापासून ॲन्ड्रॉइड १५ च्या फोनवर खालचं सेव्ह बटण सिस्टीमच्या पट्टीखाली जातंय. मजकूर सिस्टीमच्या पट्ट्यांपासून दूर ठेवणारा सेफएरियाव्ह्यू लावलाय तरी तसंच.

उत्तर : ॲन्ड्रॉइड १५ पासून ३५ टार्गेट केलं की ॲप कडेपासून कडेपर्यंत पसरतंच. थीममध्ये त्यातून बाहेर पडायचा एक ॲट्रिब्यूट आहे, पण ३६ टार्गेट करून ॲन्ड्रॉइड १६ वर गेलात की तो चालत नाही, त्यामुळे त्यावर वेळ घालवू नका. रिॲक्ट नेटिव्हचा स्वतःचा सेफएरियाव्ह्यू फक्त आयओएससाठीच आहे, म्हणून तुम्हाला फरक दिसला नाही. सेफ एरिया कॉन्टेक्स्ट नावाचं वेगळं पॅकेज घ्या आणि त्यातल्या हुकमधून (तयार फंक्शन) खालची जागा किती ते विचारून बटणाच्या खाली तेवढं पॅडिंग द्या. ठरलेला आकडा टाकू नका, कारण तीन बटणांच्या नेव्हिगेशनला पट्टी जाड असते आणि जेश्चरला बारीक, दोन्ही लावून तपासा. कीबोर्ड उघडल्यावरही एकदा बघा, तिथे बटण परत लपतं.