घरचं कळलं तर मित्र राहतील का?

"टीचर, घरचं कळलं तर माझे मित्र राहतील का?" गोव्याच्या डिचोली-साखळी या खाणपट्ट्यात समुपदेशक म्हणून हा प्रश्न मी वारंवार ऐकला तो २०१८ मध्ये. सर्वोच्च न्यायालयाने गोव्यातल्या ८८ खाण-लीजचं नूतनीकरण रद्द केलं, १६ मार्चपासून खाणी थांबल्या आणि खनिज वाहणारे ट्रक दारात उभे राहिले. पुढे टाळेबंदीत किनारपट्टीच्या मुलांनी तेच विचारलं; ट्रकच्या जागी टॅक्सी आणि भाड्याच्या खोल्या, एवढाच फरक. आजही कुणी ना कुणी विचारतंच. म्हणून त्या वेळचा एक अनुभव सांगते, ओळख पटेल असे तपशील बदलून.

मुलगा अकरावीतला. वडिलांचे चार टिप्पर ट्रक, त्यातल्या दोघांचे बँकेचे हप्ते बाकी. कॅन्टीनमधली मिक्स भजी याच्याकडून, वाढदिवसाची बिर्याणी याच्याकडून. साहजिकच घोळका याच्याभोवती. आता मधल्या सुट्टीत तो वर्गातच बसून राहायचा.

"किती मित्र तुटले?"

"अजून कोणी नाही. तुटतील."

"त्यांना माहीत आहे?"

"नाही. मीच जात नाही त्यांच्यात."

त्याच वर्गात गॅरेजवाल्याचा, टायरवाल्याचा, बार्जवर काम करणाऱ्याचा मुलगा होता. सगळ्यांच्या घरी तीच रड, आणि प्रत्येकाला वाटायचं, आपलंच उघडं पडणार.

"खरे मित्र पैसे बघत नाहीत" असं म्हणून मोठी माणसं मोकळी होतात. मी ते कधी म्हणत नाही. सोळाव्या वर्षी पैसे दिसतात, चांगलेच दिसतात, आणि मुलांना ते ठाऊक असतं. मी वेगळंच विचारलं.

"जो कधीच बिल भरत नव्हता, त्याला तू काय म्हणायचास?"

तो शर्टाचं बटण फिरवत राहिला. "फुकटा."

"तोंडावर?"

"मस्करीत. सगळे हसायचे."

"तो?"

बराच वेळ गेला. बटण फिरायचं थांबलं. "तोही हसायचा." आणि मग आपणहून म्हणाला, "टीचर, आता मला तसं हसावं लागणार."

मी काही बोलले नाही. नवख्या समुपदेशकाला नेमकी इथेच धीर द्यायची घाई होते. गप्प बसायला मला बरीच वर्षं लागली. आता जमतं, याचा थोडा अभिमानही आहे. मित्र काय करतील ही त्याची भीती वरवरची होती. बिल न भरणारा तो हलका, हा निवाडा त्याने स्वतःच दिला होता आणि आता आरोपी म्हणून स्वतःच उभा होता. मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची विवेकनिष्ठ विचारसरणी माझ्या कामाचा कणा आहे: प्रसंगापेक्षा त्या प्रसंगाबद्दलचं आपलं हट्टी मत जास्त छळतं. मित्रांनी मान द्यावा असं वाटणं रास्तच, पण तो मिळालाच पाहिजे, नाहीतर मी कवडीमोल, इथे घोडं पेंड खातं.

निवाडा फिरवला तो त्यानेच. आधी त्या 'फुकट्या'शी जाऊन बोलला. मग आम्ही एक वाक्य घोटून घेतलं: "यंदा मला जमणार नाही, माझा चहा मी घेतो." पुढे कारण द्यायचं नाही, विनोदही करायचा नाही. घोळक्यातले दोघे खरंच दुरावले. त्याला वाईट वाटलं. ते वाटायलाच हवं होतं, म्हणून ते पुसायला मी गेले नाही. मात्र अशा काळात मुलाची झोप-जेवण बिघडलं, शाळा सुटू लागली किंवा जगण्यात राम नाही अशी भाषा आली, तर वाट न बघता डॉक्टरांना दाखवा. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक चोवीस तास चालू असतो.

वडील भेटायला आले ते बाईकचा बेत घेऊन. "कर्ज काढतो, पण पोराची मान खाली जायला नको." मी म्हटलं, बाईक राहू द्या, त्याला आकडे सांगा. किती देणं आहे, फी कुठून भरणार, घरात काय बंद होणार आणि काय चालू राहणार. आईवडील कुजबुजतात तेव्हा मुलं अर्धवट ऐकतात आणि उरलेलं मनाने भरतात, ते नेहमी खऱ्यापेक्षा भयंकर असतं.

"एवढ्याशा पोराला हे सांगायचं?" ते म्हणाले.

त्या पोराला चारही ट्रकांचे नंबर तोंडपाठ होते. त्यातला कोणता दारातून गेला, हे त्याने मला वडिलांच्या आधीच सांगितलं होतं.