चारही शाब्ली सारख्याच का लागल्या?

प्रश्न : फ्रान्समधल्या शाब्ली भागातल्या एकाच उत्पादकाच्या चार पांढऱ्या वाइन आणल्या: पेती शाब्ली, शाब्ली, प्रमिए क्रू, ग्रां क्रू (खालच्या दर्जापासून वरच्या दर्जापर्यंत). फ्रिजमधून काढून लगेच चाखल्या, तर चारही नुसत्या आंबट लागल्या. चूक कुठे झाली?

उत्तर : थंडपणात. फ्रिजच्या ४-५ अंशांना वास दबतो आणि आंबटपणा तेवढा पुढे येतो. पेती शाब्ली ८-९ अंशांवर चाखा, ग्रां क्रू १२ वर. तिची बाटली अर्धा तास आधीच बाहेर काढा. द्राक्ष चारहींत एकाच जातीचं, शार्दोने, म्हणून फरक शोधायचा तो जमिनीचा, उताराचा आणि पिंपाचा. चाखायचा क्रम तुम्ही लिहिलाय तोच बरोबर. माणशी ५० मिलि पुरे. ग्लास आधी न हलवता हुंगा, मग फिरवून. व्हॅनिला किंवा टोस्ट जाणवला तर तो ओकच्या पिंपाचा. ओल्या पुठ्ठ्याचा वास आला तर बूच बिघडलंय, ती बाटली बाजूला ठेवा. आणि हो, द्राक्षं तोडल्याचं साल चारहींचं एकच हवं. २०२१ ची एक नि २०२२ ची दुसरी घेतलीत, तर जमिनीऐवजी हवामानच चाखाल.