निसर्गच असा आहे, मग मी काय करू?

बोरिवलीच्या एका जोडप्याची ही हकिगत. ओळख पटू नये म्हणून काही तपशील बदलले आहेत. लग्नाला अकरा वर्षे झाली होती. नवऱ्याचे एका सहकारी स्त्रीशी असलेले संबंध पत्नीला कळले, तेव्हा दोघे समुपदेशनासाठी माझ्याकडे आले. बसताक्षणीच त्याने मोबाइलवरचा एक लेख माझ्यासमोर धरला: सस्तन प्राण्यांत एकनिष्ठता जवळजवळ नसतेच. पत्नीने हळूच विचारले, "हे खरं असेल, तर माझी अपेक्षाच चुकीची होती का?" हा प्रश्न मला अलीकडे वरचेवर ऐकू येतो.

त्याने वाचलेले खोटे नव्हते, अर्धवट होते. जोडीने राहणाऱ्या सस्तन प्राण्यांच्या जाती दहा टक्क्यांहूनही कमी आहेत. पक्ष्यांत मात्र हे प्रमाण नव्वद टक्क्यांच्या आसपास जाते. मुंबईतही दिसणाऱ्या राखी धनेशाची मादी विणीच्या काळात ढोलीचे तोंड आतून लिंपून घेते आणि नर अरुंद फटीतून तिला फळे भरवत राहतो, कारण त्याच्यावाचून तिचे आणि पिल्लांचे भागत नाही. पण १९८०च्या दशकापासून डीएनए चाचण्या होऊ लागल्यावर, जोडीने संसार करणाऱ्या अनेक पक्ष्यांच्या घरट्यांत एखाद्या पिल्लाचा बाप दुसराच निघाला, आणि म्हणून अभ्यासक एकत्र राहणे व लैंगिक निष्ठा या दोन गोष्टी वेगळ्या मोजू लागले. माणसांतही बहुपत्नीत्वाला मुभा देणारे समाज पुष्कळ होते, तरी तिथल्याही बहुतेक पुरुषांना एकच बायको असे. आपल्या मुंबई इलाख्यात तर हिंदूंच्या द्विभार्या विवाहाला १९४६ सालीच कायद्याने बंदी झाली. (२०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने व्यभिचार हा गुन्हा उरू दिला नाही, पण घटस्फोटाचे कारण म्हणून तो आजही कायम आहे.)

हे सगळे सांगून मी त्याला एवढेच विचारले, "हा लेख तुम्ही संबंध सुरू होण्याआधी वाचलात, की घरी कळल्यानंतर?" त्याने मोबाइल पालथा ठेवला.

मग पत्नी बोलली. "दर दुसऱ्या शनिवारी ऑफिसात ऑडिट आहे म्हणायचास. मी पहाटे उठून डबा करायचे. तो डबा कोण खायचं?"

पुढच्या गुरुवारी आम्ही त्या डब्यापासूनच सुरुवात केली.